हजेरीत अडकलेले गाणे



शिलाई मशीनचा टाका का सुटतो, मिक्सरचे भांडे का गळते, विजेच्या मीटरचा आकडा कसा वाचायचा, असल्या घरगुती गोष्टी आम्ही या सदरात लिहीत आलो. या खेपेची गोष्ट कॉम्प्युटरची आहे. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी लगेच पान उलटू नये. यात एक आजी आहे, कानातल्या फुलांचा एक जोड आहे आणि पंचावन्न हजारांचा एक खर्च आहे, जो होता होता राहिला.

२०२५ च्या मार्च महिन्यात पूर्णेहून भाच्याचा फोन आला.

"मामा, जयभीम. कॉम्प्युटर गेल्यात जमा हाय. गाण्याचं सॉफ्टवेअर उघडायला चोवीस मिनिटं लागायलेत. जयंती तोंडावर आली, तीन मंडळांची गाणी अडकून बसलीत. दुकानात नेऊन दाखवलं, तर तो म्हणला ह्याच्यात आता काही राह्यलं नाही, नवीनच घ्या. पंचावन्न हजार सांगायलाय. आई कानातले फुलं मोडायचं म्हणायली."

आमचे दाजी रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळाची गिट्टी सारखी करण्यात त्यांचा जन्म गेला. सेवानिवृत्तीचे पैसे आले त्यातून मुलीचे एक लग्न झाले, घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला आणि उरल्यातून मुलाला हा जुना कॉम्प्युटर, एक माइक आणि एक साउंड कार्ड मिळाले. मागच्या खोलीच्या भिंतींना ताईने जुन्या गोधड्या टांगून दिल्या. त्यामुळे बाहेरून इंजिनाच्या शिट्ट्यांचा आवाज कमी येतो. या खोलीला गल्लीत सगळे 'स्टुडिओ' म्हणतात. गाणी जयंतीची, लग्नाची, वाढदिवसाची. त्यावर घर चालत नाही, पण घराला हातभार लागतो.

फोनवर आम्ही एकच विचारले, "उघडल्यावर मग नीट चालतंय का?"

"उघडल्यावर पळतंय मामा. काहीच तक्रार नाही."

इथेच आमची शंका बळावली. बैल उठायला वेळ लावतो, पण एकदा उठला की दिवसभर औत ओढतो, तर दुखणे बैलाच्या अंगात नसते, दाव्यात कुठेतरी गुंता असतो. बैल नवा आणला आणि दावे तेच ठेवले, तर नवा बैलही तसाच अडकणार. आम्ही ताईला निरोप दिला की फुले कानातच राहू द्या, रविवारी येतो.

आता सॉफ्टवेअर उघडताना एवढा वेळ कशात जातो, ते आधी सांगितले पाहिजे.

कॅसेटच्या जमान्यात गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, कोरसवाले, गायक, सगळी मंडळी एका जागी बसवावी लागत. आवाज घुमवायला इकोची वेगळी पेटी, आवाजाचा चढउतार आवरायला वेगळी पेटी. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आपल्या गल्ल्यांतून घुमले ते अशाच यंत्रांतून आणि त्या चिमुकल्या फितीवरून, जी फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणली होती. आम्ही तारुण्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत असू. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, हेड स्पिरिटने पुसायचे. निम्मी दुरुस्ती एवढ्यात होई आणि गिऱ्हाईक आम्हाला मोठे इंजिनिअर समजे. असो.

आज त्या सगळ्या पेट्या कॉम्प्युटरच्या पोटात फाइली होऊन बसल्या आहेत. आवाज घुमवणारी एक फाइल, बासरी वाजवणारी एक, हलगीचे ठोके देणारी एक. या फाइलींना प्लग-इन म्हणतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली. तिच्यामुळे एका कंपनीचे सॉफ्टवेअर आणि दुसऱ्याच कंपनीचे वाद्य एकमेकांशी बोलू लागले. आज प्लग-इन करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या जगभर आहेत.

गाण्याचे सॉफ्टवेअर उघडले की ते आधी या सगळ्यांची हजेरी घेते. तिलाच स्कॅनिंग म्हणतात. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्यांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको. मुकादम मस्टर घेऊन उभा राहतो, एकेकाला पुकारतो, नाव विचारतो, काम काय करणार विचारतो, लिहून घेतो, पुढे जातो. सॉफ्टवेअरही तसेच करते. प्रत्येक फाइल उघडते, तुझे नाव काय, तू वाद्य की आवाजावर काम करणारे, आवाज किती वाटांनी आत घेतोस आणि किती वाटांनी बाहेर सोडतोस, एवढे विचारते, यादीत टिपते आणि तिला सोडून देते. दुसऱ्या दिवशी तीच माणसे आली तर मुकादम नुसती नजर फिरवतो, नवा दिसला त्यालाच विचारतो. म्हणून पहिल्या दिवशी वेळ लागणे साहजिक आहे. रोजच लागत असेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

आता समजा, एका गड्याला पुकारले आणि तो बोललाच नाही. मुकादम तिथेच उभा राहतो. मागची सगळी रांग उन्हात.

रविवारी पूर्णेला पोचलो तर मागच्या खोलीत सगळे घर जमलेले. भाच्याने बटण दाबले. पडद्यावर सॉफ्टवेअरचे चित्र आले आणि भाचा सवयीने उठून चहा प्यायला निघाला. आम्ही त्याला बसवले. चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी सरकत होते. ते काय म्हणून विचारले, तर म्हणाला, "कोण वाचतंय मामा, पळत राहतंय ते."

ते वाचायचेच असते! ज्या प्लग-इनची हजेरी चालू आहे त्याचे नाव तिथे येते. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आहे. भाची नववीत आहे, अक्षर चांगले आहे. तिच्या हाती वही दिली, आम्ही मोबाइलवरचे घड्याळ धरले. जिथे नाव पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबेल ते नाव लिहायचे आणि किती वेळ थांबले ते लिहायचे. एवढेच काम. त्या वहीच्या एका पानाने सगळी कहाणी सांगितली.

सुरुवातीला नाव काहीच नाही, नुसती शोधाशोध, चार मिनिटे. मग नावे पळू लागली. मध्येच एका नावावर तीन मिनिटे. पुन्हा पळापळ. मग एका नावावर गाडी थांबली ती हलेचना. दोन मिनिटे झाली, चार झाली. तेवढ्यात दाजी पुढे झाले, एंटर दाबले आणि गाडी सुटली.

"दाजी, हे काय केलंत?"

"लय वेळ झाला की मी दाबतो एकदा. त्येला जागं ठेवावं लागतंय."

आम्ही हसू दाबले, कारण दाजींचा हिशेब चुकीचा नव्हता. पुन्हा सॉफ्टवेअर बंद करून उघडले, त्याच नावाशी थांबल्यावर ऑल्टचे बटण दाबून धरून टॅब दाबले. सुरुवातीच्या चित्राच्या मागे एक छोटी चौकट दडून बसली होती. त्या प्लग-इनला परवान्याचा आकडा हवा होता आणि ते 'ओके' म्हणण्याची वाट बघत होते. चौकट मागे असल्याने दिसत नव्हती. दाजींच्या एंटरने तिला आंधळेपणी 'ओके' मिळत होते. दाजी घरी नसले की कॉम्प्युटर 'बंद पडायचा' आणि मग भाचा वैतागून बटणच दाबून टाकायचा.

हे मध्येच बटण दाबणे आणखी वाईट. कित्येक सॉफ्टवेअर हजेरी पुरी झाल्यावरच यादी जपून ठेवतात. मध्येच बंद केले तर घेतलेली हजेरी वाया जाते आणि पुढच्या वेळी पहिल्या नावापासून सुरुवात.

सुरुवातीच्या चार मिनिटांचे कारण लवकर सापडले. सॉफ्टवेअरला प्लग-इन कुठे शोधायचे याची एक यादी द्यावी लागते. पूर्वीच्या व्हीएसटी प्लग-इनना ठरलेली अशी एकच जागा नव्हती. २००८ साली व्हीएसटीची तिसरी आवृत्ती आली तेव्हा विंडोजमध्ये 'कॉमन फाइल्स' या फोल्डरात तिची जागा पक्की झाली, पण जुनी प्लग-इन्स अजून कुठेही सापडतात. म्हणून भाच्याने शोधायच्या यादीत अख्खा डी ड्राइव्ह टाकून ठेवला होता. त्यात लग्नांचे फोटो, ढोलकीचे हजारो सुटे ठोके, सिनेमे, दाजींच्या पेन्शनचे कागद. मुकादम बिचारा रोज गडी शोधायला गावातले प्रत्येक घर पालथे घालीत होता. त्यात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. तिची सुई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायलाच वेळ लागतो. अख्खा ड्राइव्ह यादीतून काढला आणि प्लग-इनचे फोल्डर तेवढे ठेवले. चार मिनिटे गेली.

परंतु एक कोडे राहिले. भाचा म्हणाला, "मामा, कधी कधी बारा मिनिटांतच उघडतंय. मग कधी चोवीस. काही मेळच लागत नाही."

मेळ ताईने लावला. ताई चौथी शिकलेली. दाराशी उभी राहून तांदूळ निवडत होती, तिथूनच म्हणाली, "भाऊ, तो पेन ड्राइव्ह लावलेला असला ना, का जास्त टाइम लागतोय."

रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या पोरांना पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देण्याचे काम ताई करते. म्हणून तिच्या ते लक्षात आले होते. भाचा म्हणाला, "आई, पेन ड्राइव्हचा काय संबंध?" आणि आम्हीही आधी तसेच म्हणालो, हे प्रांजळपणे लिहितो. मग डोक्यात उजेड पडला.

भाच्याकडे एकूण ६१२ प्लग-इन. त्यातली १३२ कॉम्प्युटरमध्ये, बाकीची ४८० बाहेरून जोडलेल्या एका डिस्कवर. विंडोज अशा डिस्कला एक अक्षर देते, तिला ई मिळाले होते. पण आधीच पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर ई त्याच्या वाट्याला जाते आणि डिस्क होते एफ. सॉफ्टवेअरच्या दप्तरात प्लग-इनची ओळख त्याच्या पत्त्यासकट असते. पत्ता बदलला की ४८० च्या ४८० गडी नवे. पुन्हा एकेकाची हजेरी. भाच्याने आपल्या हुशारीने शोधायच्या यादीत ई आणि एफ दोन्ही टाकून ठेवले होते, म्हणून काम चालत होते. पण जितक्या वेळा अक्षर बदले तितक्या वेळा सगळी हजेरी नव्याने. चोवीस आणि बारा यांच्यातला फरक तो होता. दुकानदाराने कॉम्प्युटर तपासला तेव्हा ना डिस्क जोडलेली होती ना पेन ड्राइव्ह. ताईला मात्र कोणी विचारलेच नव्हते.

राहिले ते तीन मिनिटांचे नाव. हे प्लग-इन भाच्याने स्वतःच्या कमाईतून, रीतसर पैसे भरून घेतलेले, त्याच्याकडचे एकमेव. म्हणून त्याचा त्यावर फार जीव. आम्ही सहज पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले तर तारीख १ जानेवारी २०१५! भाचा म्हणाला, "तारीख कोण बघतंय कॉम्प्युटरात, मोबाइल हाय की." रात्री ताई भिंतीवरचे बटण बंद करते, आणि तिचे बरोबरच आहे, पूर्णेत विजेचा काय भरवसा. वीज पूर्ण बंद असताना कॉम्प्युटरचे घड्याळ मदरबोर्डवरच्या एका चपट्या गोल सेलवर चालते. तो सेल मेला होता. म्हणजे रोज सकाळी कॉम्प्युटर दहा वर्षे मागे जाऊन उठत होता. परवान्याची नोंद २०२४ सालची आणि घड्याळ म्हणते २०१५. प्लग-इनला वाटते, इथे काही लबाडी चालली आहे, म्हणून ते कंपनीच्या सर्व्हरला विचारायला निघते. इंटरनेट नाही. मग मुदत संपेपर्यंत नुसते वाट बघते. शिवाय भाच्याच्या सॉफ्टवेअरची रीत अशी की ज्याचे उत्तर धड आले नाही त्याला रोज नव्याने विचारायचे.

घड्याळ इतके मागे पडले असले की इंटरनेट जोडूनही विंडोज आपण होऊन ते दुरुस्त करीलच असे नाही. तारीख हाताने घालावी लागते. सीआर २०३२ नावाचा तो सेल घड्याळजीकडे मिळतो. आम्ही चाळीस रुपयांना आणला. बसवताना वीज काढून घ्यावी आणि हात आधी एखाद्या लोखंडी वस्तूला लावावा.

आता त्या ४८० गड्यांविषयी लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना थोडे अवघड वाटते. ही डिस्क भाच्याला कुणीतरी पाचशे रुपयांत भरून दिली होती. त्यात लाखो रुपयांची प्लग-इन्स, कुलपे तोडलेली. असली फाइल कुणी, कशी, कोणत्या हेतूने तोडली याचा पत्ता नसतो. काही अर्धवट तुटलेली असतात आणि हजेरीतच कोलमडतात, काहींच्या पोटात व्हायरस असतो. ती मागे दडलेली चौकट याच ढिगातली. 'अँटीव्हायरस बंद करा म्हणजे हे चालेल' असे ज्या फाइलीसोबत लिहून येते, तिला घरात घेऊच नये.

भाचा म्हणाला, "मामा, विकत घ्यायला आपल्याजवळ पैसे कुठंयत? अन् उद्या एखादं लागलं तर?"

पैशाचे त्याचे म्हणणे खोटे नाही. आम्ही त्याला उपदेश केला नाही. मागच्या वर्षी त्याचेच एक गाणे कुणीतरी मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डांत भरून विकले तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता, तेवढी आठवण मात्र ताईने करून दिली. आम्ही दुसरेच विचारले, "यातली वापरतोस किती?" भाचीने वही उघडली आणि दोघांनी मिळून जुनी गाणी एकेक उघडून पाहिली. तास-दीड तास लागला. सगळ्या गाण्यांत मिळून १९ प्लग-इन्स वापरलेली. ६१२ पैकी १९! त्यातलीही चौदा फुकट, रीतसर मिळणारी किंवा सॉफ्टवेअरसोबत आलेली. बाकी चारांच्या जागी रीतसर फुकट मिळणारी दुसरी बसली. एकाला पर्याय नव्हता, ते म्हणजे त्याने स्वतः विकत घेतलेले.

हे मोजणे आधी करावे, काढाकाढी मागून. नाहीतर जुने गाणे उघडताना 'अमुक सापडत नाही' असे येते आणि मग पंचाईत होते. शिवाय काही पुसून टाकण्याची घाई करू नये. शोधायच्या यादीबाहेर एक वेगळे फोल्डर करून संशयित त्यात हलवावेत. आमच्या भाचीने त्या फोल्डरला 'घरी बसलेले' असे नाव दिले.

काहींच्या सॉफ्टवेअरात नाव दिसत नाही, किंवा नावे इतकी झरझर जातात की थांबलेले कोणते ते कळत नाही. त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे, जी आम्ही रेडिओच्या दुरुस्तीत वापरत असू. निम्मी प्लग-इन्स बाहेर काढायची आणि उघडून बघायचे. अडथळा गेला तर दोषी बाहेरच्या निम्म्यात, नाही गेला तर आतल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे. ४८० मधून एक दोषी शोधायला एकेक काढत बसलात तर महिना जाईल. निम्मे-निम्मे केले तर नऊ खेपांत सापडतो. कागदावर करून पाहा, पोरांना गणितही कळेल. दोषी दोन असले तर मात्र एकाला पकडून बाजूला काढावे आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडक्यात. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या व्हीएसटीच्या पानावर जुनी यादी पुसून नव्याने हजेरी घेण्याचे बटण आहे. एफएल स्टुडिओत 'मॅनेज प्लग-इन्स' मध्ये ज्यांना चूक आली त्यांना पुन्हा तपासावे की नाही हे आपण ठरवू शकतो. ती खूण काढून टाकली की वेळ वाचतो. क्युबेसने २०१६ साली नवव्या आवृत्तीत सुरुवातीलाच प्लग-इन पारखून बिघडलेल्यांना वेगळ्या यादीत टाकण्याची सोय आणली आणि जुन्या ३२ बिटच्या प्लग-इनना निरोप दिला. तेव्हा तसली जुनी फाइल फोल्डरात असेल तर ती नुसतीच अडगळ आहे. काही कंपन्या एकाच फाइलीत पन्नास-शंभर प्लग-इन्स कोंबतात. त्या फाइलीशी वेळ लागला तर तो बिघाड समजू नये, तिथे एका नावामागे अख्खी टोळी हजेरी देत असते.

अँटीव्हायरसचेही एक आहे. सॉफ्टवेअर जी जी फाइल उघडते ती तो आधी स्वतः हुंगून पाहतो, म्हणून हजेरी रेंगाळते. प्लग-इनचे फोल्डर हुंगू नको असे त्याला सांगता येते आणि बरेच जण तो सल्ला देतात. आमचे मत असे की आत सगळा माल ओळखीचा, मूळ कंपनीकडून आणलेला असेल तरच हे करावे. पाचशे रुपयांच्या डिस्कसाठी राखणदाराला झोपवू नये.

दुपारी तीन वाजता सगळे करून झाले. नवी हजेरी पहिल्यांदा दोन मिनिटांत आटोपली. दुसऱ्यांदा उघडले तेव्हा चाळीस सेकंद लागले. दाजी एंटर दाबायला बोट तयार ठेवून बसले होते, त्यांचा थोडा हिरमोड झाला. कॉम्प्युटर तोच. पुढे कधी दोनेक हजार रुपये जमले तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घालावी असे आम्ही भाच्याला सांगून ठेवले आहे, पण त्याची आज गरज नाही.

हे सगळे चालू असताना ताईच्या सासूबाई ओसरीत बसून होत्या. वय ऐंशीच्या पुढे. मावशींना जात्यावरच्या ओव्या किती येतात हे त्यांनाही माहीत नाही. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, लेकीबाळींवरच्या. त्यांच्या पिढीच्या बायांनी पीठ दळता दळता जो इतिहास रचला तो कुठल्या पुस्तकात नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात बायांच्या तोंडून बाबासाहेबांच्या ओव्या मुद्रित झाल्या. आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात ऐकायला मिळतात. पण कितीतरी गावांत असे कुणी गेले नाही.

भाच्याने दोनदा मावशींना माइकसमोर बसवले होते. दोन्ही वेळा चोवीस मिनिटे. पहिल्या वेळी त्या दहा मिनिटे बसल्या आणि "मही भाकर करपायली" म्हणून उठल्या. दुसऱ्या वेळी बसल्या बसल्या डोळा लागला. त्यानंतर त्यांनी जाहीर करून टाकले की तुमच्या यंत्रापुढे मी काही बसायची नाही, त्येला बोलायलाच येत नाही. जयंतीची गाणी तर काय, उशिरा का होईना निघाली असती. मावशींची गोष्ट तशी नव्हती. हे ताईला ठाऊक होते, म्हणूनच ती कानातली फुले मोडायला निघाली होती, हे तिने आम्हाला चहा देताना हळूच सांगितले.

चहा झाल्यावर भाचा ओसरीत गेला. "आजे, चल एकदाच. आता नाही लावत टाइम."

मावशी कुरकुरत आल्या, गोधड्यांच्या खोलीत पाट मांडला होता त्यावर टेकल्या. भाच्याने बटण दाबले. भाची वही घेऊन सवयीने घड्याळाकडे बघू लागली. मावशी अजून पाय दुमडून नीट बसतात न बसतात तोच पडद्यावर सगळे उघडून तयार झाले आणि माइकचा लाल दिवा लागला.

"आगं बया," मावशी दचकून म्हणाल्या, "थांब की लेकरा, पदर तर घेऊ दे."